सड्यावरून ताऱ्याची प्रत मोजताना

प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद. मोठ्या दुर्बिणीला चौथ्या प्रतीचा तारा दाखवला की डिटेक्टर क्षणात भरून वाहतो. पुण्याजवळच्या गिरवलीची दोन मीटरची असो की लडाखमधल्या हानलेची, त्या अंधुक ताऱ्यांसाठी बांधलेल्या. नुसत्या डोळ्यांना दिसणारे रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे, तारे त्यांच्या दृष्टीने फार भडक. म्हणून हे काम लहान कॅमेऱ्याकडे येतं. एमएस्सीचा प्रकल्प असो किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी हात बसवायचा असो, जुना डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स आणि न हलणारी तिपाई एवढ्यावर वापरता येण्याजोगं मोजमाप होतं. कोकणात आकाश चांगलं मिळतं. छळते ती हवेतली ओल, त्यामुळे इथे निम्मी तयारी तिच्यासाठीच करायची.

तारा कोणता घ्यावा

पाठ्यपुस्तकं वृषपर्वा मंडळातला डेल्टा सेफी सुचवतात. कोकणातून तो गैरसोयीचा आहे. वृषपर्वा उत्तरेला, रत्नागिरीहून तो तारा सगळ्यात वर आला तरी पन्नास अंशांच्या आतच राहतो आणि त्याचा अर्धा मोसम पावसात जातो. गरुड मंडळातल्या ईटा अक्विलीचंही तेच. तो जुलै-ऑगस्टच्या रात्री माथ्यावर असतो तेव्हा वर ढगांचं छत.

आमची शिफारस मिथुनेतल्या झीटा जेमिनोरमची. प्रत ३.६ ते ४.२ च्या दरम्यान, आवर्तन सुमारे १०.१५ दिवसांचं. कोकणच्या अक्षांशावर तो ८५ अंशांच्या वर चढतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेबाराच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर दहाच्या सुमारास तो माथ्यावर असतो. हे कोकणातले सगळ्यात कोरडे महिने. शोधायलाही सोपा: पुनर्वसूतल्या पोलक्सपासून मृगातल्या काक्षीकडे नजर सरळ न्यायची, वाटेत आधी डेल्टा, मग झीटा, मग गॅमा. तुमचा झीटा मधला.

तुलनेसाठी त्याच चौकटीत कॅपा (३.५७) आणि आयोटा (३.७९) हे दोन तारे मिळतात. दोन्ही पिवळसर, झीटाच्या रंगाच्या जवळचे. तिथलाच अप्सिलॉन प्रतीने सोयीचा वाटतो, पण तो तांबडा आहे. कॅमेऱ्याचा हिरवा फिल्टर आणि खगोलशास्त्रातला प्रमाणित व्ही फिल्टर एकसारखे नसतात. रंगात फरक असलेला तारा तुलनेला घेतला की तो फरक थेट उत्तरात शिरतो. लॅम्डा उलट टोकाचा, पांढरा. दोन्ही टाळावेत. तुलनेच्या ताऱ्यांच्या नेमक्या प्रती एएव्हीएसओच्या (अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स) नकाशावरून घ्याव्यात. १९११ साली स्थापन झालेली ही अमेरिकन संस्था जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते. निरीक्षक क्रमांक काढला की तुमच्याही नोंदी तिथे जमा होतात.

जागा: पुळण की सडा

समुद्रकिनारा म्हटला की पहिला विचार पुळणीचा येतो. तो सोडून द्या. वाळूत तिपाईचे पाय रात्रभर खचत राहतात, लाटांचा बारीक खारा तुषार शंभर-दोनशे मीटर आतवर येतो, आणि भरती. कोळ्यांचा जुना हिशोब इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती साडेबारा तासांच्या थोडं आधी किंवा नंतर. म्हणजे ज्या अमावस्येला सगळे आकाशदर्शनाला पुळणीवर जमतात, त्याच रात्री मध्यरात्रीच्या आधी उधाणाचं पाणी बॅगांपर्यंत येतं. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पांढऱ्या उजेडाने पिल्लांची दिशा चुकते. तिथे रात्री दिवे घेऊन फिरूच नये.

सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, उत्तम. समुद्रापासून एक-दोन किलोमीटर आत, पन्नास-शंभर मीटर उंचीवर, खाली पक्का जांभा, आणि देवगड-राजापूरकडे असे सडे मैलोन्‌मैल आहेत. जांभा दिवसभर तापतो, त्यामुळे अंधार पडल्यावर पहिला तास-दीड तास तारे जास्तच लुकलुकतात. तो वेळ मांडामांडीत घालवावा. गवत वाळलेलं असलं तरी त्यात फुरसं असतं. ते छोटं, दगडाच्या रंगाचं आणि विषारी. घोट्यावर येणारे बूट, खाली बसण्याआधी विजेरी, आणि दगड हाताने उचलायचा नाही. जानेवारीत आंब्याला मोहोर आला की बागांवर राखण असते, कुत्रीही असतात. बागमालकाला आणि गावच्या पोलीस पाटलांना दिवसा जाऊन सांगून ठेवावं. किनारपट्टीवर रात्री तिपाई घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाची चौकशी होणारच. हिरवा लेसर घरीच ठेवा.

वाऱ्याकडेही लक्ष हवं. संध्याकाळी समुद्रावरून खारा वारा येतो, तो लेन्सवर मीठ आणि ओल आणतो. रात्री उशिरा तो पडून जमिनीवरून मतलई वारा सुरू होतो. हवा कोरडी होते आणि पारदर्शकता सुधारते. म्हणून दहाच्या आधी चिडून सामान आवरणारे चुकतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून भाजावळीचा, म्हणजे शेतजमीन भाजण्याचा, धूर मात्र मतलईबरोबर उलट आतून येतो. तेव्हा घाटाच्या बाजूचं आकाश मळकट पिवळं दिसतं आणि मोसम संपत आल्याचं कळतं.

आकाश किती स्वच्छ आहे हे अगस्तीवरून ओळखता येतं. मालवणहून तो दक्षिणेला फार तर २१ अंश चढतो. व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा जर तांबूस आणि मरगळलेला दिसला, तर खालच्या थरात धूर किंवा बाष्प भरलंय. माथ्यावरचा झीटा तेव्हाही मोजता येतो, पण चौकटीच्या कडेचे तारे जपून वापरावे लागतात.

ओल

दव हवा शंभर टक्के ओली होण्याची वाट पाहत नाही. उघड्या आकाशाखाली लेन्सची काच उष्णता वर फेकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड होते. तेवढ्यात तिच्यापुरता दवबिंदू गाठला जातो. फोनच्या हवामान ॲपमध्ये तापमान आणि दवबिंदू दोन्ही बघा. फरक चार अंशांहून कमी असेल तर हीटर लावूनच सुरुवात करायची. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो बहुतेक रात्री कमीच असतो.

५० मिमीच्या लेन्सला तीन ते पाच वॅटचा यूएसबी पट्टा पुरतो. १०,००० मिलीअँपतासाची पॉवर बँक चार वॅटवर सात-आठ तास जाते. पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेजवळ गुंडाळायचा, फोकसच्या कड्यावर नाही. त्यावर जुन्या योगा मॅटची नळी, लेन्सच्या व्यासाच्या दीडपट पुढे आलेली. नळी जास्त लांब झाली तर चौकटीचे कोपरे काळे पडतात. एक चाचणी फोटो काढून बघा. हीटर मोजणीआधी वीस मिनिटं चालू करा, कारण काच तापली की फोकस सरकतो. दव एकदा बसल्यावर हीटर लावला तर दव उडतं, पण त्यातलं मीठ काचेवर डाग धरून राहतं.

हळूहळू बसणारं दव दव म्हणून ओळखूही येत नाही. तारे फक्त मंद होत जातात, आकाश उजळतं. दर वीस मिनिटांनी लेन्सवर तिरका लाल उजेड टाकून बघा.

घरी परतल्यावर कॅमेरा बॅगेतून लगेच बाहेर काढू नये. सड्यावर थंड झालेला कॅमेरा दमट, उबदार खोलीत आला की आतबाहेर पाणी धरतो. बाहेरच झिपच्या पिशवीत हवा दाबून बंद करायचा, दोन तासांनी उघडायचा. एसीच्या खोलीतून थेट सड्यावर नेला तरी हेच होतं.

लेन्सवरचं मीठ कोरड्या कपड्याने कधी पुसू नये, ते खडे काच ओरबाडतात. आधी रबरी फुगा मारा, मग डिस्टिल्ड पाण्याने ओला केलेला मऊ कपडा नुसता टेकवून मीठ विरघळू द्या, मग हलक्या हाताने पुसा. ठेवायला स्वयंपाकघरातला रबरी कडेचा घट्ट डबा आणि पाव किलो निळी सिलिका जेल. गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर पुन्हा निळी होईपर्यंत परतायची. तो धूर-वाफ श्वासात घेऊ नये आणि ती कढई पुन्हा जेवणाला वापरू नये. पावसाळ्यात लेन्स कपाटात तशीच राहिली तर ऑक्टोबरपर्यंत तिच्यात बुरशीची जाळी दिसते आणि ती काच खाते.

चौकट आणि सेटिंग

स्वयंचलित काहीही नको. रॉ फॉरमॅट, आयएसओ ४००, छिद्र (ॲपर्चर) एफ २.८, उघडीप (एक्सपोजर) सहा ते आठ सेकंद. आपोआप आयएसओ बंद, लांब उघडीपीची नॉइज रिडक्शन बंद (ती प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ खाते), लेन्सचं स्थिरीकरण असेल तर तेही बंद. ट्रॅकर लागत नाही. लागला असता तर आणखी एक त्रास होता, कारण ध्रुवतारा इथे १६ ते १८ अंशांवरच, माडांच्या आणि धुरकट पट्ट्याच्या आड.

फोकस मुद्दाम बिघडवायचा. आश्चर्य वाटेल, पण ताऱ्याचा टिंब जितका बारीक तितकी मोजणी वाईट: सेन्सरवर लाल, हिरवे, निळे चौकोन असतात आणि बारीक टिंब कधी हिरव्यावर पडतो, कधी लालवर. लाइव्ह व्ह्यूमध्ये नेमका फोकस करून कडं किंचित फिरवा, तारा दहा-बारा पिक्सेलचा गोल ठिपका झाला पाहिजे. मध्ये भोक पडून चकती झाली तर जास्त झालं. कडं चिकटपट्टीने पक्कं करा. दमट हवेत कागदी पट्टी सुटते. विजेच्या कामाची पीव्हीसी टेप घ्या.

पृथ्वीच्या फिरण्याने आठ सेकंदांत ताराही सरकतो, सहा-सात पिक्सेल. ठिपका तेवढा पसरलेला असल्यामुळे ते खपून जातं.

पहिला फोटो काढून सगळ्यात उजळ पिक्सेलचा आकडा बघा. १४ बिटच्या कॅमेऱ्यात मोजणी १६,३८३ पर्यंत जाते. कॅपाचा शिखर-पिक्सेल दहा हजारांच्या आत राहिला पाहिजे. त्यापुढे प्रकाश आणि आकडा यांचं प्रमाण सरळ राहत नाही. जास्त आला तर उघडीप कमी करा. पोलक्स त्याच चौकटीत जळालेला दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा.

वीस फोटोंची एक मालिका. एका फोटोत लुकलुकण्याने प्रत शतांशाच्या कितीतरी पट इकडे-तिकडे होते. वीसांच्या सरासरीत ती चूक साडेचारपट कमी होते. तारा माथ्यावर असताना तिपाईचं डोकं तिथपर्यंत वळत नाही ही नेहमीची अडचण. मधला दांडा थोडा वर काढून कॅमेरा आडवा कुशीवर ठेवला की जमतं.

चांदण्याची भीती बाळगू नका. चौथ्या प्रतीच्या ताऱ्याला अर्ध्या चंद्राचा उजेड चालतो, फक्त चंद्र चौकटीपासून तीसेक अंश लांब असावा. दवाच्या रात्री मात्र अमावस्येचाही उपयोग नाही.

मालिका झाली की तिथेच झाकण लावून, त्याच उघडीपीने आणि आयएसओने, वीस डार्क, म्हणजे नंतर वजा करायचे अंधारातले फोटो. कोकणातल्या रात्री गरम, सेन्सर तापलेला. घरी पंख्याखाली काढलेले डार्क जुळत नाहीत. पहाटे फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो: लेन्सवर स्वच्छ पांढरी बनियन ताणून बांधा, छिद्र आणि फोकस न हलवता माथ्याकडे रोखून वीस फोटो, हिस्टोग्रामचा डोंगर मधोमध येईल इतक्या उघडीपीचे. समुद्राकडे रोखू नका, पहाटेचं आकाश एका बाजूने उजळ असतं. फ्लॅट टाळला तर कोपऱ्यातला तारा मधल्यापेक्षा आपोआप मंद मोजला जातो, आणि आयोटा आणि कॅपा नेमके मधल्यापासून लांब पडतात.

आकडे

मोजणीला सिरिल किंवा ॲस्ट्रोइमेजजे हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. डार्क वजा करा, फ्लॅटने भागा, फक्त हिरवी वाहिनी वेगळी काढा, मालिका एकमेकांवर बसवा. ताऱ्याभोवती आठ-नऊ पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ, आकाशासाठी त्याबाहेर बारा ते वीस पिक्सेलचं कडं. कड्यात दुसरा तारा येऊ देऊ नका.

समजा आकाश वजा करून कॅपाचे १,८२,००० आणि झीटाचे १,४१,००० आले. गुणोत्तर ०.७७५, त्याचा दशमान लॉग उणे ०.१११, उणे अडीचने गुणलं की ०.२८. म्हणजे झीटा कॅपापेक्षा ०.२८ ने मंद, प्रत ३.८५.

इथे थांबू नये. आयोटाही तसाच मोजा. कॅपा आणि आयोटात ०.२२ चा फरक अपेक्षित आहे. हिरव्या वाहिनीत तो थोडा वेगळा येईल, पण रात्रीमागून रात्र तोच आला पाहिजे. एखाद्या रात्री तो ०.०५ ने हलला तर चौकटीच्या एका बाजूवरून विरळ ढग किंवा धूर गेला आहे, नाहीतर दव बसलंय. अशा वेळी झीटाचा आकडा कितीही सुबक दिसला तरी ती मालिका टाकून द्या. झीटाचा पूर्ण चढउतारच अर्ध्या प्रतीच्या आसपास, त्यात ०.०५ ची भेसळ म्हणजे दहा टक्के. नव्या विद्यार्थ्यांच्या तेज-वेळ वक्रात दिसणारे जादा कंगोरे बहुतेक वेळा या न टाकलेल्या मालिकांचे असतात.

नोंद पाठवताना फिल्टरच्या रकान्यात व्ही लिहू नये. तिरंगी सेन्सरच्या हिरव्या वाहिनीसाठी टीजी असा वेगळा संकेत आहे.

वेळेची नोंद

कॅमेऱ्याचं घड्याळ दर संध्याकाळी फोनशी सेकंदापर्यंत जुळवा. वेळ मालिकेच्या मध्याची लिहायची, सुरुवातीची नाही. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ. घोटाळा होतो तो तारखेत: १५ तारखेला पहाटे एक वाजता काढलेला फोटो जागतिक वेळेत १४ तारखेच्या साडेसातचा, म्हणजे १९:३० चा. ज्युलियन दिवस, म्हणजे दिवसांची सलग मोजणी, वापरला तर ही कटकटच राहत नाही. तो जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, ऐन सूर्यास्ताच्या आधी. भारतातली अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते. रात्री १०:०४ म्हणजे साडेपाचनंतर ४ तास ३४ मिनिटं. २४ ने भागून ०.१९०, तो अपूर्णांक त्या दिवसाच्या आकड्याला जोडायचा.

जागाही लिहावी, अक्षांश-रेखांशासह. कुणी, कुठून, कधी हे नीट न लिहिल्याचं फळ विजयदुर्गावर बघायला मिळतं. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवून १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने इथून हेलियम शोधला असं सांगतात. लॉकयर त्या दिवशी इंग्लंडात होता. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये, तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन भारतात होता, पण गुंटूरला.

पंधरा-वीस रात्री जमल्या की प्रत्येक वेळेला १०.१५ ने भागून फक्त अपूर्णांक ठेवा आणि त्यावर प्रत मांडा. आवर्तन पूर्ण दहा दिवसांचं नसल्याने रोज ठरावीक वेळी मोजलं तरी पुढच्या फेरीत ठिपके थोडे सरकून पडतात आणि मधल्या फटी भरतात. सलग रात्रींचा हट्ट नको.

त्यानंतर अल्गोल

झीटा जमला की ययातीतला अल्गोल घ्यावा, नोव्हेंबर ते जानेवारीत. ही दोन ताऱ्यांची जोडी, एक दुसऱ्याला झाकतो तेव्हा ग्रहण लागतं आणि अल्गोल २.१ वरून ३.४ पर्यंत उतरतो आणि परततो, सगळं मिळून सुमारे दहा तासांत. खोल भाग दोन-तीन तासांचा. आवर्तन २ दिवस २० तास ४९ मिनिटं, म्हणून प्रत्येक ग्रहण तीन दिवसांनी आणि ३ तास ११ मिनिटं आधी येतं. रात्री दोनला सापडलं तर पुढचं पावणेअकराच्या सुमारास, त्याच्या पुढचं साडेसातला, मग दिवसात गडप. सात आवर्तनांनी, म्हणजे २० दिवसांनी, ते पुन्हा जवळपास त्याच वेळी येतं, पावणेदोन तास उशिरा. एका रात्री ढग आले तर वीस दिवसांनंतरची तारीख आधीच राखून ठेवा.

किमान बिंदूच्या आधी-नंतर तीन-तीन तास, दर दहा मिनिटांनी एक मालिका. उतरती आणि चढती बाजू सारख्या प्रतीवर जोडून मध्य काढायचा. तुलनेला डेल्टा आणि एप्सिलॉन पर्सेई. शेजारचा ऱ्हो पर्सेई जवळ आहे म्हणून घेतला जातो आणि काम वाया जातं, कारण तो स्वतःच रूपविकारी आहे. वेळेला सूर्यकेंद्री दुरुस्ती लावा. पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार प्रकाश आठ मिनिटांपर्यंत मागेपुढे पोचतो. झीटाच्या दहा दिवसांत ती आठ मिनिटं नगण्य होती, अल्गोलच्या किमान वेळेत नाहीत. अल्गोल खाली उतरत गेला आणि तीस अंशांच्या आत आला की थांबा. तिथे प्रकाश माथ्यापेक्षा दुप्पट हवेतून येतो आणि दोन-तीन अंश वरखाली असलेले तुलनेचे तारेही वेगवेगळे मंदावतात.

मेच्या अखेरीस वळवाचे ढग येऊ लागले की कॅमेरा डब्यात, सिलिका जेल ताजी करून. रॉ फाइली, डार्क, फ्लॅट आणि वही यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक गावाबाहेर. जून ते सप्टेंबर आकडेमोडीला भरपूर वेळ मिळतो, वीज असेल तेव्हा.